कर्नेलच्या हद्दीची वहिवाट

लिनक्सच्या सोर्स कोडमध्ये परवान्याची जी फाइल असते, तिच्यात जीपीएलच्या लांबलचक मजकुराच्या वर लिनस टोरवाल्ड्सची छोटीशी टीप वर्षानुवर्षं होती. तिचा आशय साधा आहे: जो प्रोग्रॅम नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून कर्नेलची सेवा घेतो तो कर्नेलचा केवळ वापर करतो, त्याला कर्नेलपासून साधलेली, म्हणजे साधित, कृती समजू नये आणि म्हणून त्याच्यावर कोड उघडा ठेवण्याची जीपीएलची बंधनं येत नाहीत. आता ही टीप परवान्यांच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये रीतसर अपवाद म्हणून नोंदलेली आहे. लिनक्सवर चालणारा डेटाबेस किंवा हिशेबाचं पॅकेज विकणाऱ्याला ती वाचायचीही गरज पडत नाही, कारण त्याचा प्रोग्रॅम उघडउघड हद्दीच्या बाहेर असतो. यंत्रं चालवणाऱ्या रिअल-टाइम सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी. ते जन्मलं हद्दीच्या आत आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत इंचाइंचाने बाहेर सरकलं. हा प्रवास एरवी निव्वळ तांत्रिक प्रगती म्हणून सांगितला जातो. माझ्या मते त्याची दिशा ठरवण्यात परवान्याचा वाटा प्रोसेसरच्या वेगाइतकाच मोठा आहे, आणि रिअल-टाइमच्या धंद्यात आज जी हद्द सगळे पाळतात ती कायद्याने कमी आणि वहिवाटीने जास्त पडलेली आहे.

१९९० च्या दशकातल्या लिनक्समध्ये कर्नेल एखाद्या कामात गुंतलं की त्याला मध्येच थांबवता येत नसे, आणि नाजूक जागी ते इंटरप्ट सरळ बंद करून ठेवी. वेब सर्व्हरला काही मिलिसेकंदांचा उशीर जाणवतही नाही. स्टेपर मोटरला मात्र ठरल्या मायक्रोसेकंदाला पल्स मिळाली नाही तर तिचं पाऊल चुकतं आणि पुढचा सगळा काप वाकडा जातो. न्यू मेक्सिकोतल्या सोकोरो गावी, न्यू मेक्सिको इन्स्टिट्यूट ऑफ मायनिंग अँड टेक्नॉलॉजी या संस्थेत व्हिक्टर योडायकन आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल बाराबानोव्ह यांनी यावर तोडगा काढला, तो अजूनही चतुर वाटतो. त्यांनी लिनक्स सुधारायचा नाद सोडला आणि त्याच्याखाली एक चिमुकलं रिअल-टाइम कर्नेल सरकवलं. अख्खा लिनक्स हे त्या चिमुकल्या कर्नेलचं सगळ्यात कमी प्राधान्याचं काम झालं. लिनक्सने ‘इंटरप्ट बंद’ म्हटलं तरी हार्डवेअरवर काहीच बंद होत नसे. फक्त एका ठिकाणी खूण होई. खरा इंटरप्ट आधी खालच्या कर्नेलकडे जाई आणि लिनक्सच्या वाट्याचा असेल तर सवडीने वर पोचे. बाराबानोव्हचा प्रबंध १९९७ चा, आणि या व्यवस्थेचं नाव आरटीलिनक्स.

या चतुराईची किंमत अशी की वेळेचं बंधन असलेलं प्रत्येक काम कर्नेल मॉड्यूल म्हणून लिहावं लागे. ते इन्समॉडने चढवायचं, कर्नेलच्याच मेमरीत चालवायचं, आणि एक पॉइंटर चुकला तर सगळं यंत्र धाडकन बंद. ही तांत्रिक किंमत सगळ्यांना दिसत होती. दुसरी किंमत परवान्याची. कर्नेलच्या आत बसलेला, त्याच्या अंतर्गत फंक्शनना हाक मारणारा कोड साधित कृती ठरतो का, याचं सरळ उत्तर कुणाकडेच नव्हतं, आणि टोरवाल्ड्सच्या टिपेचं अभय तर फक्त सिस्टिम कॉलच्या पलीकडच्यांना होतं. आरटीलिनक्सच्या रचनेत एक वाट होती: वेळेचं तेवढं काम मॉड्यूलमध्ये ठेवायचं आणि बाकीचं साध्या लिनक्स प्रोसेसमध्ये, दोघांमध्ये /डेव्ह/आरटीएफ० सारख्या फिफोतून निरोप. स्क्रीन, फाइली, नेटवर्क हे सगळं त्यामुळे हद्दीबाहेर राहिलं. पण यंत्र बनवणाऱ्याचं गुपित स्क्रीनमध्ये नसतं. त्याची खरी कमाई कंट्रोल लूपमध्ये असते: मोटरचा वेग कसा चढवायचा, कंप कसा मारायचा, कोपऱ्यात हत्यार कसं वळवायचं. म्हणजे जे झाकून ठेवायचं तेच नेमकं उघड्या हद्दीत लिहावं लागत होतं. योडायकन यांच्या एफएसएमलॅब्ज या कंपनीने याच पेचावर धंदा उभा केला. आरटीलिनक्सची एक आवृत्ती जीपीएलखाली मोकळी होती, दुसरी व्यापारी परवान्याची.

त्यात पेटंट आलं. अमेरिकेचं ५,९९५,७४५ क्रमांकाचं पेटंट योडायकन यांना ३० नोव्हेंबर १९९९ रोजी मिळालं. साधारण उपयोगाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला खालून रिअल-टाइमची जोड देण्याची पद्धत हा त्याचा विषय. कॉपीराइट कोडच्या मजकुरावर असतो; तोच परिणाम स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहून घेतला तर तो आड येत नाही. पेटंट पद्धतीवरच असतं. ते कर्नेलच्या आत आहात की बाहेर हे विचारत नाही आणि कोड तुम्ही स्वतः लिहिला आहे हेही ऐकून घेत नाही. एफएसएमलॅब्जने पेटंटसाठी वेगळा मोफत परवाना काढला. २००१ च्या सप्टेंबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तो जीपीएलशी विसंगत असल्याचं जाहीर केलं, आणि थोड्याच दिवसांत दोघांच्या तडजोडीतून त्याची दुसरी आवृत्ती आली. या परवान्यात हद्द कशी आखली होती ते पाहण्यासारखं आहे. पेटंटची पद्धत दोन प्रकारच्या सॉफ्टवेअरला फुकट वापरता येणार होती: एक म्हणजे जीपीएलखालचं कोणतंही सॉफ्टवेअर, दुसरं म्हणजे कंपनीच्या मोकळ्या आरटीलिनक्समध्ये, त्यात फेरफार न करता, चालणारं सॉफ्टवेअर, मग त्याचा स्वतःचा परवाना कोणताही असो. कॉपीराइटची रेघ सिस्टिम कॉलवर होती आणि पेटंटची रेघ तिला तिरकी छेदून गेली. आरटीलिनक्समध्ये बंद कोड चालवणाऱ्याला पेटंटचं भय नव्हतं, मॉड्यूलच्या परवान्याची चिंता होती. प्रतिस्पर्धी व्यवस्थेवर हद्दीबाहेर बंद कोड चालवणाऱ्याचं नेमकं उलटं.

ही प्रतिस्पर्धी व्यवस्था म्हणजे आरटीएआय. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये, विमानविद्येच्या विभागात पाओलो मांतेगाझ्झा यांनी ती उभी केली. प्रयोगशाळेतल्या लोकांना कंट्रोलचे प्रयोग करायचे होते, आणि दर वेळी मॉड्यूल चुकून संगणक बंद पडणं त्यांना परवडणारं नव्हतं. तिथून एलएक्सआरटी आलं. साध्या लिनक्स प्रोसेसने आपली मेमरी जागेवर खिळवायची, आरटीएआयच्या कामांत स्वतःची नोंद करायची आणि ‘मला आता हार्ड रिअल-टाइम कर’ असं सांगणारं एक फंक्शन बोलवायचं. त्या क्षणापासून तिचं वेळापत्रक लिनक्सच्या हातून सुटून आरटीएआयकडे जाई. फंक्शनची नावं मॉड्यूलमध्ये होती तीच इथे ठेवली होती, म्हणून तोच प्रोग्रॅम किरकोळ बदलाने हद्दीच्या अलीकडे किंवा पलीकडे चालवता येई. अट एकच: मध्येच फाइल उघडायला किंवा काही छापायला लिनक्सचा सिस्टिम कॉल केला तर हार्ड रिअल-टाइमचं कवच गळून पडे. परवान्याच्या नजरेने पाहिलं तर यात मोठी गंमत आहे. टोरवाल्ड्सची टीप नेहमीच्या सिस्टिम कॉलबद्दल बोलते. एलएक्सआरटीचा प्रोग्रॅम ज्या दाराने आत शिरत होता ते दार लिनक्सचं नव्हतंच, आरटीएआयने बाजूला पाडलेलं होतं. तरीही लोकांनी त्याला हद्दीबाहेरचं मानलं. आरटीएआयचा बराचसा कोड एलजीपीएल या जीपीएलहून सैल परवान्याखाली होता हे त्याला पोषक ठरलं, पण मुख्य कारण असं की प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेगळ्या मेमरीत होता आणि ते कुणालाही दाखवता येत होतं.

पेटंटमधून वाट काढली करीम याघमूर यांनी. लिनक्सखाली कर्नेल सरकवण्याऐवजी एका यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम बरोबरीने बसवायच्या आणि इंटरप्ट एका नळीतून क्रमाने सगळ्यांकडे सोडायचा, असा आराखडा त्यांनी २००१ मध्ये मांडला. त्याचं नाव अडिऑस. त्याचा आधार त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या नॅनोकर्नेलवरच्या संशोधनात मुद्दाम शोधला, म्हणजे योडायकन यांच्या अर्जाच्या आधीच्या कल्पनांत. फ्रान्सच्या फिलिप जेरम यांनी २००२ मध्ये त्याचा कोड लिहिला. इंटरप्टची नळी ही आज रिअल-टाइम लिनक्समधली एक देखणी कल्पना मानली जाते. ती घडवण्यामागची निकड वकिली होती, हे तिच्या स्तुतीत सहसा येत नाही.

याच सुमारास लिनक्सच्या मुख्य प्रवाहात हद्दीवर पहारा बसला. २००१ मध्ये प्रत्येक मॉड्यूलने आपला परवाना एका ओळीत सांगावा असं ठरलं. जीपीएल न सांगणारं मॉड्यूल चढलं की कर्नेल स्वतःला ‘डागाळलेलं’ म्हणवून घेई, आणि कर्नेलची काही फंक्शनं तर फक्त जीपीएल सांगणाऱ्यांनाच दिसत. २००४ मध्ये लिनक्सअँट या मोडेम ड्रायव्हरच्या कंपनीने यातली फट हेरली. सी भाषेत शब्दमाला शून्य या अक्षरावर संपते. कंपनीने परवान्याच्या ओळीत ‘जीपीएल’ लिहून लगेच शून्य टाकलं आणि पुढे लिहिलं की हे फक्त अमुक फोल्डरमधल्या फाइलींपुरतं. माणसाने वाचलं तर पूर्ण वाक्य, कर्नेलने वाचलं तर ‘जीपीएल’ आणि पूर्णविराम. गदारोळ व्हायचा तो झाला. या प्रकरणाचा रिअल-टाइमशी थेट संबंध नाही, पण कारखान्यांसाठी यंत्रं करणाऱ्यांनी त्यातून जे ओळखलं ते महत्त्वाचं होतं: हद्दीच्या आत राहून गुपित ठेवायचं तर अशा कसरती कराव्या लागतील, आणि पंधरा वर्षं चालायच्या यंत्राचं सॉफ्टवेअर अशा कसरतीवर उभं करता येत नाही.

जेरम यांच्या झेनोमाय या प्रकल्पात ही जाणीव रचनेतच उतरलेली दिसते. २००१ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प काही काळ आरटीएआयसोबत चालला आणि २००५ मध्ये पुन्हा वेगळा झाला. त्याचा उद्देश व्हीएक्सवर्क्स, पीएसओएस अशा बंद रिअल-टाइम सिस्टिमवर आयुष्य काढलेले जुने प्रोग्रॅम लिनक्सवर आणणं. त्यासाठी त्या-त्या सिस्टिमचे मुखवटे, म्हणजे स्किन, त्यात होते. आता तर्काने पाहिलं तर व्हीएक्सवर्क्ससाठी लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सची साधित कृती कसा असेल? टोरवाल्ड्स यांनीही २००३ मध्ये अँड्र्यू फाइल सिस्टिमच्या बाबतीत असाच तर्क केला होता, की जो कोड दुसऱ्या सिस्टिमसाठी जन्मला आणि नंतर लिनक्सवर आणला गेला तो लिनक्सपासून साधलेला म्हणणं अवघड. म्हणजे हे जुने प्रोग्रॅम कर्नेलच्या आत आणूनही त्यांच्या मालकांना भांडता आलं असतं. पण कोर्टात जिंकता येईल असा तर्क आणि कोर्टात जावंच लागणार नाही अशी जागा, यांत कारखानदार दुसरी निवडतो. झेनोमायचा कर्नेलमधला भाग जीपीएल आणि युजर-स्पेसची, म्हणजे हद्दीबाहेरची, लायब्ररी एलजीपीएल अशी वाटणी झाली, आणि २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर अॅप्लिकेशनसाठी कर्नेलमधलं दार बंदच केलं गेलं. आत फक्त ड्रायव्हर उरले. कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या इथरकॅट जाळ्याचा आयजीएच मास्टर पाहा, तिथेही हीच वाटणी आहे.

यावर पहिला आक्षेप इंजिनिअरचा, आणि तो वजनदार आहे. युजर-स्पेसमध्ये डीबगर चालतो, चुकलेला प्रोग्रॅम एकटाच मरतो, आणि ४८६ च्या काळात महाग वाटणारी हद्द ओलांडण्याची किंमत गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर नगण्य झाली; मग परवान्याला श्रेय कशाला? याला बळ देणारं उदाहरणही आहे. अमेरिकेच्या निस्ट संस्थेतून निघालेला आणि पुढे लिनक्ससीएनसी झालेला यंत्र-नियंत्रक आधी आरटीलिनक्सवर, मग आरटीएआयवर कर्नेल मॉड्यूलच्या रूपात चालला आणि नंतर युजर-स्पेसमध्येही चालू लागला. त्याच्या प्रत्येक घटकाच्या फाइलमध्ये ‘लायसन्स जीपीएल’ अशी ओळ असते. तीच फाइल मॉड्यूल म्हणूनही तयार होते आणि साधी लायब्ररी म्हणूनही, आणि ओळ दोन्हीकडे तशीच राहते. ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं तेही बाहेर आले, हे मान्य. मात्र वेग वाढल्याने बाहेर पडणं शक्य झालं, आणि शक्य होताच कोण किती घाईने निघालं यातच परवान्याचा हात दिसतो. लिनक्ससीएनसीवाले सवडीने आले आणि कर्नेलची वाटही त्यांनी उघडी ठेवली. बंद कोडवाल्यांसाठी तर एलएक्सआरटी, झेनोमाय अशा वाटा तेव्हाच तयार झाल्या जेव्हा हद्द ओलांडायला अजून खर्च पडत होता.

दुसरा आक्षेप वकिलाचा: कॉपीराइटच्या कायद्याला प्रोसेसरचे विशेषाधिकार ठाऊक नाहीत. साधित कृती आहे की नाही हे मजकुराच्या नात्यावरून ठरतं, मेमरी कुठली यावरून नाही. हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच मी वहिवाट म्हणतो. दोन शेतांतला बांध मोजणीत कुठे निघेल ते निघो, तीस वर्षं दोघांनी जिथे नांगर थांबवला तिथे बांध मानला जातो. इथेही तेच झालं. ज्यांच्याकडे हक्क होते त्या हजारो लेखकांनी टोरवाल्ड्सच्या टिपेला आव्हान दिलं नाही आणि सगळ्या उद्योगाने तिच्या भरवशावर पैसा गुंतवला. कोर्टाने हा प्रश्न सोडवल्याचं म्हणावं तर तेही नाही. कर्नेलचे एक लेखक ख्रिस्टोफ हेलविग यांनी २०१५ मध्ये हॅम्बुर्गला व्हीएमवेअरवर दावा लावला तेव्हा मधल्या जोड-थराने दोन कोड वेगळे राहतात का, याचा निकाल लागेल अशी आशा होती. २०१९ मध्ये अपील फेटाळलं गेलं ते वेगळ्याच मुद्द्यावर: नेमका कोणता कोड हेलविग यांचा, हे पुरेसं दाखवलं गेलं नाही. मूळ प्रश्नाला कोर्टाने हात लावला नाही.

जिथे अशी हद्दच नसते तिथे काय होतं, हा या युक्तिवादाचा सगळ्यात चांगला पुरावा. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर कर्नेल आणि अॅप्लिकेशन एकत्र लिंक होऊन एकच बायनरी बनते. सिस्टिम कॉलची भिंत सहसा नसते. अशा यंत्रांसाठी रिचर्ड बॅरी यांनी लिहिलेला फ्रीआरटीओएस निव्वळ जीपीएलखाली असता तर प्रत्येक वॉशिंग मशिनचा प्रोग्रॅम उघडा करावा लागण्याची भीती होती. म्हणून त्याच्या परवान्यात अपवाद घातला गेला: ठरलेल्या इंटरफेसमधूनच बोलणारा अॅप्लिकेशनचा कोड बंद राहू शकतो, कर्नेलमधले बदल मात्र उघडे. ईकॉस आणि आरटीईएमएस यांनीही अपवाद जोडलेला जीपीएलच निवडला. सिलिकॉनने जी भिंत दिली नाही ती या मंडळींनी शब्दांत बांधली, आणि ती जवळजवळ टोरवाल्ड्सच्या टिपेच्याच आकाराची निघाली. २०१७ मध्ये फ्रीआरटीओएस ॲमेझॉनच्या छत्राखाली एमआयटी परवान्यावर गेला आणि ती भिंत तिथे गरजेची उरली नाही.

बाहेर आलं म्हणजे सगळी देणी फिटली असा एक समज मात्र या धंद्यात अजून आढळतो, आणि तो महागात पडू शकतो. एलजीपीएलची लायब्ररी जोडलेल्या यंत्राच्या ग्राहकाला ती लायब्ररी बदलून पुन्हा जोडता आली पाहिजे. स्टॅटिक लिंक केलं असेल तर त्यासाठी ऑब्जेक्ट फाइली तरी द्याव्या लागतात, आणि अशा फेरफारांतली चूक शोधण्यापुरत्या उलट-अभियांत्रिकीला मनाई करता येत नाही. सुरक्षेचं प्रमाणपत्र घेतलेल्या, सील केलेल्या नियंत्रकात हे कसं बसवायचं यावर कंपन्यांची डोकी फुटतात. शिवाय हार्डवेअरचा इंटरप्ट शेवटी कर्नेलमध्येच उतरतो. त्यासाठी २००७ मध्ये यूआयओ नावाची सोय मुख्य लिनक्समध्ये आली. इंटरप्टची पोच देण्यापुरतं इवलंसं मॉड्यूल कर्नेलमध्ये राहतं. युजर-स्पेसमधला प्रोग्रॅम कार्डाची रजिस्टरं थेट आपल्या मेमरीत ओढून घेतो आणि /डेव्ह/यूआयओ० वाचत थांबतो; इंटरप्ट आला की त्याला चार बाइटचा एक आकडा मिळतो, आजवर किती इंटरप्ट झाले त्याचा. बंद ड्रायव्हरला हे आमंत्रण आहे अशी टीका झालीच. नोंदणीचं फंक्शन मात्र फक्त जीपीएल मॉड्यूललाच दिसतं, म्हणजे दाराची चौकट उघडी आणि घर झाकलेलं. मला ही तडजोड प्रामाणिक वाटते, कारण ती हद्द लपवत नाही.

इंगो मोलनार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून हाती घेतलेल्या प्रीएम्प्ट-आरटीने शेवटी खालच्या कर्नेलची गरजच बऱ्याच अंशी काढून घेतली. लिनक्सची स्पिनलॉक झोपू शकतील अशी केली, इंटरप्टची कामं थ्रेडमध्ये टाकली, आणि रिअल-टाइम प्रोग्रॅम पुन्हा एक साधा पॉझिक्स प्रोग्रॅम झाला, टोरवाल्ड्सच्या टिपेत अक्षरशः बसणारा. आरटीलिनक्सचं तंत्र २००७ मध्येच व्हीएक्सवर्क्सच्या मालक विंड रिव्हरकडे गेलं होतं, आणि पेटंटच्या १९९७ च्या अर्जापासूनची वीस वर्षं २०१७ मध्ये भरली. प्रीएम्प्ट-आरटीचा शेवटचा तुकडा सप्टेंबर २०२४ मध्ये मुख्य लिनक्समध्ये घेतला गेला आणि नोव्हेंबरात ६.१२ ही आवृत्ती निघाली. त्याच ६.१२ मध्ये शेड-एक्स्ट हीसुद्धा आली: कोणतं काम आधी चालवायचं, म्हणजे रिअल-टाइमचा गाभाच, ठरवणारा प्रोग्रॅम युजर-स्पेसमधून लिहून कर्नेलमध्ये चढवण्याची सोय. तो बाहेरून येतो पण चालतो आत, आणि चढवताना कर्नेल त्याच्या परवान्याची ओळ तपासतं. ती जीपीएलशी जुळणारी नसेल तर प्रोग्रॅम नाकारला जातो.